घाटावरच्या रस्त्यांना जुनी स्पोर्ट्‌स कार: निवडीचा आणि खर्चाचा विचार

परवडणारी जुनी स्पोर्ट्‌स कूपे कोणती घ्यावी, असा प्रश्न पुण्यात विचारला तर उत्तर गाडीपासून सुरू होते. बुलडाणा जिल्ह्यात ते अंतरापासून सुरू करावे लागते. गाडी बिघडली तर तिला हात लावू शकणारा जाणता कारागीर किती किलोमीटरवर आहे आणि लागणारा सुटा भाग किती दिवसांत येतो, यावर इथे गाडीचा वर्षाचा खर्च ठरतो. खरेदीची किंमत आणि ॲव्हरेज यांचा नंबर त्यानंतर लागतो. शहरातल्या माणसाच्या शिफारशी वाचून इकडचा माणूस गाडी घेतो तेव्हा नेमका हाच घटक हिशोबातून सुटतो. पुढचे विवेचन त्या एका घटकाभोवती आहे.

गाडीचा प्रकार आणि बाजारातली उपलब्धता

कूपे म्हणजे दोन दारांची, बुटकी, मागे उतरत जाणाऱ्या छपराची गाडी. मागची सीट असलीच तर नावापुरती. आपल्याकडे या प्रकाराला बाजार कधी मिळालाच नाही. घरात आजी-आजोबा, दोन मुले आणि सणावाराला येणारी बहीण असताना पुढची सीट वाकवून मागे शिरायची गाडी कोण घेणार? त्यात बाहेरून तयार येणाऱ्या गाडीवरचे आयात शुल्क इतके जड, की युरोपात मध्यमवर्गाच्या आवाक्यातली कूपे इथे उतरताना बंगल्याच्या किमतीची होत असे.

तरी प्रयत्न झाले. सॅन मोटर्सने १९९८ मध्ये ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी गाडी बाजारात आणली. फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचे ११४९ सीसीचे ६० अश्वशक्तीचे इंजिन. दिसायला खेळकर, पण ताकद साध्या हॅचबॅकची. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीने २०१२ च्या ऑटो एक्स्पोत ‘अवंती’ दाखवली. तिच्यात दोन लिटरचे रेनॉ टर्बो इंजिन आसनांच्या मागे बसवले होते. या दोन्ही गाड्या आज संग्राहकांच्या आहेत. रोज चालवून त्यांचा हिशोब जमवणे शक्य नाही. निसान ३७० झेड आणि फोर्ड मस्टँग या आयात गाड्या आपल्या चर्चेबाहेर ठेवल्या तरी चालेल, कारण त्यांचा जुना भावही ‘परवडणारा’ या शब्दात बसत नाही.

राहते ती ऑडी टीटी. जुन्या बाजारात अस्सल कूपे म्हणून सामान्य खरेदीदाराला त्यातल्या त्यात जवळची वाटते ती हीच. फोक्सवॅगनने २०१६ च्या नोव्हेंबरात तीन दारांची पोलो जीटीआय आणली होती. १.८ लिटरचे १९२ पीएसचे इंजिन, शोरूम किंमत २५.९९ लाख. गाडी उत्तम, पण मोजक्याच आल्या. त्यामुळे तिच्यावर निवड उभी करता येत नाही. अलीकडे उतरत्या छपराच्या एसयूव्हींनाही कंपन्या कूपे म्हणतात. त्यांचा इथे विचार नाही.

तेव्हा प्रश्न थोडा रुंद करायला हवा. कूपेमधून माणसाला हवे असते ते म्हणजे हलके अंग, चटकन उत्तर देणारे इंजिन, वळणावर विश्वास वाटावा असे स्टिअरिंग आणि चालवणाऱ्याशी बोलणारी गाडी. हे सारे काही चार दारांच्या वेगवान हॅचबॅकमध्येही मिळते, आणि महाराष्ट्राचे भाग्य असे की त्यातल्या दोन नामांकित गाड्या आपल्याच मातीत तयार झाल्या. पोलो चाकणला बनत होती, फियाटची पुंटो रांजणगावला. माझ्या मते बुलडाण्याच्या खरेदीदाराने शोध इथूनच सुरू करावा आणि टीटीकडे शेवटी जावे.

जिल्ह्याचा रस्ता गाडीकडून काय मागतो

जिल्ह्याचे दोन भाग आपण बोलण्यात नेहमी करतो: घाटावर आणि घाटाखाली. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. गाडीच्या दृष्टीने ही दोन वेगळी हवामाने आहेत. एप्रिल-मे महिन्यांत मलकापूर-नांदुऱ्याकडे पारा ४३-४४ अंशांना टेकतो. तिथून एसी लावून राजूर घाट चढून बुलडाण्याला येणे ही छोट्या टर्बो इंजिनाच्या कूलिंगची खरी परीक्षा असते. पुढे कापसाने भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चाललेला असेल तर आपल्या गाडीला वारा मिळत नाही, टर्बो तापलेला, रेडिएटरचा पंखा सतत चालू. रेडिएटरमध्ये पाण्याची भर घालून वेळ निभावून नेलेली गाडी इथे उघडी पडते.

खामगावकडे जाणारा बोथा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. वळणे सुरेख आहेत आणि स्पोर्ट्‌स कारवाल्याला मोह पाडणारी आहेत. पण तो जंगलाचा रस्ता आहे. रानडुक्कर, नीलगाय, कधी अस्वल आडवे येते. तिथे गाडीची मजा साठच्या आतच घ्यायची, आणि तेवढ्या वेगातही चांगल्या चेसिसचा फरक हाताला कळतो. म्हणूनच इथल्या खरेदीदाराने अश्वशक्तीपेक्षा ब्रेक आणि सस्पेन्शन यांना जास्त गुण द्यावेत.

काळ्या जमिनीचे वेगळे दुखणे आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटा धरतो. अशा लाटेवर वेगात गेले की सस्पेन्शन पूर्ण दबते आणि बुटक्या गाडीचे पोट टेकते. गतिरोधकांचे तर शास्त्रच पाहण्यासारखे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. त्या मापाच्या उंचवट्यावरून कोणतीही गाडी सहज जाते. पण गावाच्या वेशीवर अपघात झाल्यावर लोक एका रात्रीत जो गतिरोधक घालतात तो अरुंद, उभा आणि बरेचदा पंधरा सेंटिमीटरचा असतो. पुढची-मागची चाके त्याच्या दोन बाजूंना सपाटीवर असताना उंचवटा गाडीच्या पोटाखाली येतो, आणि तिथे ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे निव्वळ उरलेली फट. अबार्थ पुंटोचा क्लिअरन्स १५५ मिलिमीटर आहे. मागे दोन माणसे बसली की ती फट संपते. मारुतीच्या बलेनो आरएसचा १७० आहे. कागदावर पंधरा मिलिमीटरचा हा फरक रोजच्या वापरात मोठा ठरतो.

आता समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि आपल्या जिल्ह्यातले मेहकर, सिंदखेडराजा हे तालुके एकदम वेगवान रस्त्याच्या काठावर आले. मोटारींना १२० किलोमीटरची मर्यादा आहे. जुनी स्पोर्ट्‌स कार घेण्याची इच्छा इकडे वाढली ती या रस्त्याने, हे मला स्पष्ट दिसते. मात्र काँक्रीटवर भर दुपारी तासन् तास एका वेगाने जाणे टायरला फार जड जाते. आठ वर्षांचा टायर नक्षी शाबूत असली तरी आतून कडक झालेला असतो. जुन्या गाडीवर समृद्धीला जायचे तर पहिला खर्च चार टायरांचा धरावा आणि तो खरेदीच्या किमतीत मिळवूनच सौदा करावा.

खर्चाचे घटक

गाडीचा वर्षाचा खर्च सहा गोष्टींचा असतो: घसारा, अडकलेल्या पैशाचे व्याज, इंधन, विमा, ठरलेली सर्व्हिस आणि अवचित दुरुस्ती. पहिल्या पाच गोष्टींचा अंदाज घरबसल्या करता येतो. सहावीवर अंतराचा गुणाकार होतो.

एक उदाहरण मांडू. यातले आकडे धरून चाललेले आहेत, वाचकाने आपले घालावेत. गाडी सहा लाखांची, वर्षाला ८,००० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये. लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी वर्षाला ७०,००० रुपयांचे पेट्रोल पिते, १६ देणारी ५२,५०० चे. फरक साडेसतरा हजारांचा. आपल्याकडे सारी चर्चा या फरकावर होते. पण सहा लाखांच्या गाडीचा भाव वर्षाला बारा टक्क्यांनी उतरला तरी ७२,००० गेले, म्हणजे पेट्रोलाएवढेच. आणि ते जाताना दिसतही नाहीत.

आता अंतर घाला. समजा एखादा सेन्सर गेला आणि गाडी जागची हलेना. भाग आणि मजुरी मिळून ८,००० रुपये. गाडी साधी असेल तर चिखलीत किंवा खामगावात दुपारपर्यंत काम होते. तिला संगणक लावून पाहणारा माणूस छत्रपती संभाजीनगरलाच असेल तर बुलडाण्याहून सुमारे दीडशे किलोमीटर गाडी उचलून न्यावी लागते. टोईंगवाला किलोमीटरला ४० रुपये घेतो आणि रिकामे परत जाण्याचेही पैसे लावतो असे धरले, तर ३०० किलोमीटरचे १२,००० झाले. एसटीने परत येणे, पुन्हा आणायला जाणे, बुडालेले दोन दिवस वेगळे. आठ हजारांचे काम वीस हजारांच्या पुढे गेले. वर्षातून असे एकदा घडले की ॲव्हरेजमध्ये वाचवलेल्या साडेसतरा हजारांतले बहुतेक संपतात, दोनदा घडले की वर पदरचे जातात. त्यामुळे १२ चे ॲव्हरेज देणारी पण गावात दुरुस्त होणारी गाडी ही १६ देणाऱ्या पण संभाजीनगरावर अवलंबून असणाऱ्या गाडीपेक्षा इथे स्वस्त पडते. विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतला तर काही भार हलका होतो. मात्र किती किलोमीटरपर्यंत गाडी फुकट उचलतात ते पॉलिसीत वाचूनच घ्यावे, कारण ती मर्यादा बहुधा शहराचा विचार करून घातलेली असते.

विम्यात इंजिनाच्या आकाराने मोठा फरक पडतो. जून २०२२ पासूनच्या दराने थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ आहे. बलेनो आरएस ९९८ सीसीची, २०२० नंतरची पोलो टीएसआय ९९९ ची. शंभर अश्वशक्ती ओलांडूनही या दोन्ही सर्वांत खालच्या टप्प्यात बसतात. टीटीचे १९८४ सीसी वरच्या टप्प्यात जाते आणि तिच्या स्वतःच्या नुकसानीचा विमाही घोषित किमतीमुळे बराच चढतो. विकणारा ‘पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे’ म्हणून सांगतो तो बोनस त्याचा आहे, गाडीसोबत आपल्याकडे येत नाही.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत, आपण पाहतो आहोत त्या बहुतेक सगळ्या त्याआधीच्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा जुन्या चारचाकींचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. पैशात ते वर्षाला चार-पाच हजार. मला जास्त काळजी वाटते ती उभ्या राहणाऱ्या गाडीची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. मुलगा पुण्याला नोकरीला, गाडी वाड्यात, टाकी अर्धी, आणि मध्ये सगळा पावसाळा गेला, अशा गाडीत इंधनाचा पंप आणि रबरी नळ्या आधी दगा देतात. ‘फक्त वीस हजार चाललेली’ सात वर्षांची गाडी म्हणून आपण हुरळतो, पण रोज कामाला जाणारी साठ हजारांची गाडी तिच्याहून निरोगी असू शकते. बसून राहिलेल्या बैलासारखी तिची गत होते: अंग राखलेले दिसते, पण जुंपल्यावर कळते.

गाड्यांचा विचार

बलेनो आरएस पहिली घेतो, कारण अंतराच्या कसोटीवर ती सर्वांत सोपी आहे. मार्च २०१७ मध्ये ८.६९ लाखांना आली, १.० लिटर बूस्टरजेट टर्बो, १०२ पीएस, वजन अवघे ९५० किलो, चारही चाकांना डिस्क ब्रेक. २०२० च्या बीएस-६ नियमांच्या सुमारास बंद झाली. दरवाजे, दिवे, सस्पेन्शनचे बहुतेक भाग साध्या बलेनोचे, म्हणजे तालुक्याच्या गावी मिळणारे. याच जातीचे इंजिन २०२३ मध्ये फ्राँक्समध्ये परत आले, त्यामुळे त्याची माहिती असणारे हात आणि भाग दोन्ही वाढले. तिचे स्टिअरिंग पोलोइतके नेमके नाही, उघड सांगतो. रूपातही फार वेगळेपण नाही. एक गोष्ट मात्र न चुकता तपासावी: ब्रेकला साहाय्य करणाऱ्या व्हॅक्यूम पंपातल्या दोषासाठी मारुतीने २०२३ मध्ये ७,२१३ बलेनो आरएस परत बोलावल्या होत्या. आपण पाहतो ती गाडी त्यात होती का आणि पंप बदलला का, हे चेसिस नंबरवरून सर्व्हिस सेंटरला कळते. राजूर घाट उतरणाऱ्याला हे सांगायला नको.

पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली ती ७.९९ लाखांना. १.२ लिटर, १०५ पीएस आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. मोकळ्या रस्त्यावर हा गिअरबॉक्स जादू वाटावी इतका झटपट आहे. त्यातले दोन क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात, ही गोष्ट मात्र इथल्या खरेदीदाराने मनात पक्की ठेवावी. चढावर ट्रकच्या मागे सरपटताना ते क्लच अर्धे लागलेल्या अवस्थेत घासत राहतात आणि तापतात. शिवाय गिअर बदलणारा मेकाट्रॉनिक नावाचा जो भाग असतो, तो बिघडला तर गावातल्या मिस्त्रीला त्यात काही करता येत नाही आणि बिल लाखाच्या घरात जाऊ शकते. रोज घाट चढउतार करणाऱ्याने ही गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच गाडीची २०२० नंतरची आवृत्ती वेगळी. १.० लिटर टीएसआय, ११० पीएस, १७५ न्यूटन मीटर, सोबत सहा गिअरचा मॅन्युअल किंवा साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. कोरड्या क्लचची कटकट संपली. पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, पण हे इंजिन आजही वर्टस, टायगुन, कुशाक, स्लाविया या गाड्यांत येते. म्हणजे पुढची कित्येक वर्षे भागांची चणचण नाही. मॅन्युअल मिळाली तर सोडू नये. चालवण्याचा आनंद, दणकट बॉडी आणि खर्च यांचा मेळ मला या एका गाडीत सर्वांत चांगला दिसतो. अडचण एवढीच की हे इतरांनाही ठाऊक आहे, म्हणून भाव टिकून असतो.

अबार्थ पुंटोविषयी लिहिताना हात थोडा थांबतो, कारण गाडी मनापासून आवडणारी आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये ९.९५ लाखांत १४५ पीएस आणि २१२ न्यूटन मीटर देणारी हॅचबॅक देशात दुसरी नव्हती. तिचे जड, जिवंत स्टिअरिंग हातात धरले की जुन्या फियाटचा वारसा कळतो. फियाटने २०१९ च्या सुमारास इथला कारभार गुंडाळला. फियाटचे १.३ डिझेल इंजिन स्विफ्टपासून व्हिस्टापर्यंत सगळीकडे गेले, त्यामुळे त्याचे भाग आजही मिळतात. पण अबार्थचे १.४ टी-जेट हे आपल्याकडे लिनिया टी-जेटखेरीज कुठे फारसे गेले नाही. इंजिनाचा एखादा भाग लागला तर पुण्या-मुंबईतल्या शौकिनांच्या ओळखी काढाव्या लागतात आणि गाडी तोवर उभी. घरात दुसरी गाडी असेल, हातात वेळ असेल आणि या गाडीवर जीव असेल, तर घ्यावी. एकुलती एक गाडी म्हणून नको.

टाटाची टियागो जेटीपी, ११४ पीएसची, २०१८ च्या ऑक्टोबरात आली. स्वस्त आणि चपळ, भाग बहुतेक साध्या टियागोचे. पण थोड्याच निघाल्या आणि सापडणे नशिबावर. ह्युंदाईची आय-२० एन लाइन २०२१ च्या सप्टेंबरातली, अजून नवी असल्याने महाग. दोन वर्षे थांबता आले तर ती चांगली निवड ठरेल.

आता टीटी. या गाडीबाबत इंजिन ओळखीचे आणि अंग अनोळखी, असा प्रकार आहे. तिचे दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिन स्कोडा सुपर्ब, लॉरा यांच्या १.८ टीएसआयच्या घराण्यातले. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे आणि ऑडीही तिथे जुळणी करते. त्यामुळे या घराण्याच्या गाड्या मराठवाड्यात बऱ्याच दिसतात. संभाजीनगरच्या उद्योजकांनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच वेळी सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, ते पुष्कळांना आठवत असेल. अशा शहरात महागड्या गाड्यांना हात लावणारे कारागीर तयार होतात आणि पाच-सात वर्षांनी त्याच गाड्या जुन्या बाजारात उतरतात. आपल्याला लाभ मिळतो तो याचा. टीटीचा सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा आहे, म्हणून पोलोच्या गिअरबॉक्सपेक्षा घाटाला चांगला. मात्र दर ६०,००० किलोमीटरला त्याचे तेल आणि फिल्टर बदललेच पाहिजे. बिल नसेल तर ते झालेले नाही असे धरावे. अंग मात्र सगळे बाहेरचे. दाराला काचेची चौकट नाही. दार उघडताना काच थोडी खाली उतरते आणि मिटल्यावर वर चढते. बॅटरी मेली की काच उतरत नाही आणि दार उघडताना रबर फाटते. समोरच्या गाडीचा खडा लागून हेडलाइट फुटला तर भाग परदेशातून येईपर्यंत आठवडे जातात. टीटी दहा लाखांत मिळाली तरी तिचे सुटे भाग नव्या गाडीच्याच भावाने येतात, हे ज्याने मनाशी मान्य केले त्यानेच पुढे जावे.

गाडी पाहताना

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी आणि मालकाला आधी सांगून ठेवावे की सुरू करू नका. तापलेले इंजिन पुष्कळ दोष लपवते. बॉनेटला हात लावून खात्री करावी, मगच स्टार्टर मारावा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळीची खडखड, सायलेन्सरमधून निळसर धूर, कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग, तेलाच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरा थर, यातले एकही दिसले तरी परत फिरावे.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३२१७’ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. गाडी २०१७ ची, मीटरवर अठरा हजार आणि टायर २०२१ चे, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्यावा. अठरा हजारांत टायर झिजत नाहीत. त्याच कडेवर मापापुढे एक अक्षर असते. टी म्हणजे ताशी १९० पर्यंत, एच २१०, व्ही २४०. जुन्या मालकाने पैसे वाचवायला खालच्या अक्षराचे टायर घातले असतील तर समृद्धीवर जाण्याआधी ते बदलायचे आहेत, हे भावात धरावे.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुरात बुडालेल्या गाडीची सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण पट्ट्याच्या गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ तशीच राहते. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद-संग्रामपूरकडे पाणी कसे चढले होते ते आपण पाहिले आहे, आणि चेन्नई-मुंबईच्या बुडालेल्या गाड्या तर देशभर फिरतात. बॉनेटचे, दारांचे बोल्ट पाहावेत; रंगावर पान्याच्या खुणा असतील तर भाग उतरवलेला आहे. सगळ्या काचांवरचे वर्ष एकसारखे आहे का तेही बघावे.

मग चालवायला मोताळ्याच्या बाजूने राजूर घाट. चढावर एसी पूर्ण चालू ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात ओढून पाहायची, वर आल्यावर तापमानाचा काटा आणि क्लचचा वास. उतरताना ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरते का. ऑटोमॅटिक असेल तर चढावर थांबून रिव्हर्स घ्यावा. खराब होऊ लागलेला कोरडा क्लच तिथे झटके देतो. खाली पोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे. मालक स्वतः तसे करतो का, यावरून त्याने टर्बोची काळजी कशी घेतली असेल त्याचा अंदाज येतो.

एग्झॉस्ट बदललेला, संगणकाची मॅपिंग वाढवलेली गाडी टाळावी. मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई आहे, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितले, आणि अपघातात विमा कंपनी पहिले बोट तिथेच ठेवते.

कागद

स्पोर्ट्‌स गाड्या बहुधा जिल्ह्याबाहेरून येतात. एमएच १२ किंवा एमएच २० ची असेल तर सोपे. दिल्लीची असेल तर सावध राहावे. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधने आल्यापासून त्या स्वस्तात बाहेर पडतात. पण दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नव्याने नोंदणी करावी लागते, मूळ आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. नव्या पेट्रोल गाडीला तो किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के आहे. गाडीच्या वयाने रक्कम कमी होते, तरी ती बुलडाण्याच्या परिवहन कार्यालयात विचारून, मगच दिल्लीच्या भावाशी तुलना करावी.

पैसे देण्याआधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, थकलेली ई-चलाने, विम्याची मुदत पाहावी. आरसीवर बँकेचे नाव असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. चेसिस नंबर आरसीशी अक्षर अक्षर ताडून पाहावा, आणि तो गाडीवर कोरलेलाच पाहावा, चिकटवलेल्या पट्टीवरचा नको. फॉर्म २९ आणि ३० वर सही करून ‘नंतर करू’ म्हणत कागद कपाटात ठेवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. त्यात दोघांचेही नुकसान आहे: चलान जुन्या मालकाला जाते आणि गाडी नव्याच्या नावावर होत नाही. हस्तांतरानंतर चौदा दिवसांत विमा कंपनीलाही अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. थर्ड पार्टीचे संरक्षण कायद्याने गाडीसोबत येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा जुन्या नावाच्या पॉलिसीवर टिकत नाही.